चाचांचा आवाज कोणत्या डिस्कवर

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुडिओचं शटर वर केलं, कॉम्प्युटरचं बटण दाबलं, आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली. म्हणे, सुरू व्हायला डिस्कच सापडत नाही. बंद करून परत लावला. परत तीच ओळ. "बोंबला!" मी मोठ्यानं म्हणालो. ऐकायला दुकानात कुणी नव्हतं.

एरवी मी एक चहा सांगितला असता आणि मग बघितलं असतं. पण त्या दिवशी दुपारी चाचांची मुलगी येणार होती.

नांदेडात माझ्या स्टुडिओला लागूनच चाचांचं कुशनचं दुकान होतं. रिक्षाच्या सीटा, सोफे, मोटरसायकलची कव्हरं. राहायला अर्धापूरला. उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचं लग्न झालं, शूटिंग अर्थात माझं. निकाहाच्या वेळी मी चाचांच्या शेरवानीला छोटा माईक अडकवला, आवाज स्वतःतच साठवणारा. नंतर गडबडीत तो काढायचं त्यांच्याही ध्यानात राहिलं नाही, माझ्याही. वरात गेल्यावर त्यांनीच आणून दिला. पुढं काही आठवड्यांतच चाचा गेले. छातीत दुखतंय म्हणाले, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मग लग्नाचा व्हिडिओ कुणी मागितलाच नाही, आणि तो चेहरा समोर ठेवून एडिटिंग करायला माझाही हात धजेना.

आता मुलगी बिदरहून माहेरी आली होती. तिचा फोन आला. "भय्या, रुखसतीच्या टायमाला अब्बा कुठं होते, ते दिसतं का हो त्यात? माझ्याजवळ आलेच न्हाईत. सगळे आले, अब्बाच न्हाई आले." मी व्हिडिओ पाहिला होता. पाठवणीला बायकांची गर्दी, गाडी, रडारड, आणि चाचांचा कुठंच पत्ता नाही. राहिला होता तो माईकमधला आवाज. तो मी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवला होता, ऐकला मात्र नव्हता. कॅमेऱ्याची, माईकची कार्डं पुढच्या लग्नांसाठी कधीच रिकामी झाली होती. म्हणजे जे काय होतं ते त्या बंद डब्यात, आणि संध्याकाळच्या गाडीनं ती सासरी परत निघणार होती.

माझ्या मशीनमध्ये दोन डिस्क. एकीवर विंडोज, त्यावर एडिटिंग आणि सगळी लग्नं. दुसरीवर लिनक्स, लोकांचे पेनड्राइव्ह उघडायला, कारण गिऱ्हाईक फोटोंबरोबर व्हायरस फुकट आणून देतं. दोन्ही डिस्क एकाच दुकानातून घेतलेल्या, एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. घेताना केवढी ऐट वाटली होती!

आणि हे सगळं झालं कशानं? तर खंडेनवमीनं. दरवर्षी आम्ही कॅमेरे, लेन्सा, ट्रायपॉड पाटावर मांडून पूजा करतो. यंदा आई म्हणाली, "फोटो कशात ऱ्हातेत तुझे? त्या डब्यात ना? मग ते बी काढ की. पोटापाण्याचं हाय ते पाटावर आलं पाहिजे." मला पटलं. पटलं म्हणजे काय, कौतुकच वाटलं म्हातारीचं. मी स्क्रू काढून दोन्ही डिस्क पाटावर ठेवल्या, तिनं ओल्या हळदी-कुंकवाची बोटं लावली, झेंडू वाहिला. दसऱ्याला संध्याकाळी मी त्या परत जागेवर बसवल्या.

लातूरला माझा एक मित्र कॉम्प्युटर क्लास चालवतो. दोन्ही सिस्टिम त्यानंच टाकून दिल्या होत्या. त्याला फोन लावला. त्याच्या सांगण्यावरून सेटिंगमध्ये शिरलो, तर तिथं एकच डिस्क दिसत होती. कोणती? ते कसं कळणार! नाव एक, माप एक.

"लिनक्सचीच असणार," मित्र म्हणाला. "विंडोजची दिसली असती तर विंडोज सुरू नसतं का झालं? तू असं कर, मी दिलेला विंडोजचा पेनड्राइव्ह लाव आणि तिच्यावर विंडोज नवीन टाकून घे. मशीन तर चालू होईल, मग दुसरी बघू."

बोलणं बरोबर वाटत होतं. मी पेनड्राइव्ह लावला, एकेक पायरी पुढं गेलो. शेवटी पडद्यानं विचारलं, या डिस्कवरचं सगळं पुसू का? माऊसवर बोट ठेवून मी बसलो. शेजारी चाचांच्या दुकानाला आता दुसऱ्याच कुणाचं कुलूप.

"असणार म्हणजे?" मी फोनवर ओरडलो. "असणार म्हणजे काय रे? आहे का नाही, ते सांग!"

"अरे, तू लई टेन्शन घेऊन राहिलास."

"तुझ्या बापाचा आवाज हाय का त्याच्यात?" हे तोंडातून गेलं, आणि मी फोनच ठेवला. त्याच्यावर राग, आईवर राग, त्या पाटावर राग. सगळ्यात जास्त भीती त्या मुलीच्या तोंडाची. बाप गेला, आणि आता मी सांगणार, आवाजही गेला.

मशीन बंद केलं, डबा उघडला. एक डिस्क ओढून काढली, वायर बसते तिथल्या पट्ट्यांवर पिवळी हळद वाळून बसली होती. आईनं अगदी मनापासून बोट टेकवलं होतं! खोडरबर घेतला आणि श्वास रोखून हलक्या हातानं त्या पट्ट्या घासल्या. फुंकर मारली, वायर बसवली, डबा उघडाच ठेवून बटण दाबलं.

दोन्ही डिस्क दिसल्या. विंडोज सुरू झालं. पडद्यावरचे नंबर डिस्कवरच्या लेबलांशी ताडून पाहिले, आणि तेव्हा मला कळलं की जी साफ केली ती लिनक्सची होती. मघाशी जी एकटी दिसत होती, जी पुसायला निघालो होतो, तीच लग्नांची. विंडोज सुरू व्हायचं ते लिनक्सच्या डिस्कवरून. माडीवर राहायचं आणि जिना शेजाऱ्याच्या घरातून, तशातली गत. मी तो पेनड्राइव्ह उपटून खणात टाकला.

दुपारी चाचांची मुलगी आईला घेऊन आली. दोघींना खुर्च्या दिल्या. मी म्हणालो, "बेटा, यात काय असेल मला माहीत नाही. मी ऐकलेलं नाही." तिनं मान हलवली. मी शेवटचा भाग लावला.

आधी नुसता गोंगाट. बायकांचं रडणं लांबून, म्हणजे चाचा त्यांच्यापासून बाजूला होते. मग एकदम जवळ, स्वच्छ, चाचांचा आवाज. "मियाँ, गाडी हल्लू चलाव. छोकरी को गाडी लगती." ड्रायव्हर काहीतरी म्हणाला. "नै नै, एसी नक्को. खिडकी थोडी खुल्ली रखो. मोड पे तो बिल्कुल हल्लू. बोलेंगी नै वो, शरमाती." मग दार लागलं, गाडी निघाली. त्यानंतर बराच वेळ चाचांचा श्वास, आणि मधूनच नाक ओढल्याचा आवाज.

चाचींनी ओढणी तोंडाला लावली. माझेही डोळे भरून आले, लपवायचं कशाला. मुलगी मात्र रडली नाही. पडद्याकडे बघत होती.

"लई हल्लू चालवली त्यानं," ती म्हणाली. "पार बिदरपर्यंत. मी चिडले होते, भय्या. अब्बांचा राग आलेला, तो त्याच्यावर काढला. पळवा की जरा म्हणून किती वेळा बोलले त्याला. तो नुसती मान डोलवून हाव हाव म्हणायचा, आणि तसाच चालवायचा."