तुंबा खाली ठेवायचा नाही

"तिलेच पाठवा ना, भाऊ. तिच्या तोंडातून तसाबी शब्द निंगत नाई."

मामी स्वयंपाकघरात शेजारच्या भाऊंना सांगत होती. मी बाहेर पडवीत, मामाच्या खाटेजवळ बसले होते. मामाचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. तो ऐकून हसला आणि डावी भुवई उडवत म्हणाला, "ऐकलं का कलेक्टर बाई? तुमची बदली झाली."

इंग्रजी शाळेत घातल्यापासून मी त्याची कलेक्टर बाई. थट्टा करताना त्याची डावी भुवई उडतेच. घरात ते सगळ्यांना माहीत आहे.

एटापल्लीच्या पुढे मामाचं गाव आहे. आई ऊर्जानगरला आमच्या घरीच अडकली होती, दुसऱ्या दिवशी निघणार होती, म्हणून मला पुढे पाठवलं होतं. जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गडचिरोलीला न्यायला सांगितलं होतं. मामा ऐकत नव्हता. "काविळीले दवाखान्यात औषधच नाई," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आमच्या घरी बुद्धवंदना होते, वैदू-भगत चालत नाहीत. फोनवर आई ओरडत होती, मामी रडत होती, आणि दोघींच्या मध्ये फोन धरून मी उभी.

नदीपलीकडचा म्हातारा वैदू औषध देतो, पण त्याची एक अट असते. औषध घरच्याच माणसाने आणायचं आणि त्यानेच पाजायचं. औषधाचा तुंबा, म्हणजे वाळक्या भोपळ्याचं भांडं, एकदा हातात आला की रोग्याच्या तोंडाला लागेपर्यंत बोलायचं नाही. तुंबा जमिनीला टेकवायचा नाही. बोललात तर औषध उठून जातं. आधी मामी स्वतः जाऊन आली होती. वाटेत एक गाय आडवी आली आणि तिच्या तोंडून "हैक" निघून गेलं. ते औषध तिने तसंच पाजलं. मामाची कावीळ वाढली. तेव्हापासून मामी मामाच्या डोळ्यांकडे बघत नव्हती.

भाऊंच्या मोटरसायकलवर मागे बसून मी निघाले. भाऊ जातानाच सगळं बोलून घेत होते. परतताना माझ्याशी बोलायची सोय नव्हती ना.

"एका अस्वलाच्या मागं मागं फिरला थो वैदू. ते जे मुळ्या उकरे, त्या हा चाखून पाहे. असा शिकला."

"अस्वलाने काही केलं नाही?"

"काऊन करन? शिष्य होता ना त्याचा." भाऊ स्वतःच हसले. "अन् माझ्या आज्याच्या वेळेसबी थो एवढाच म्हातारा होता म्हंतेत. एकडाव तं वाघ आला त्याच्या दारात, पाय पुढं करून बसला. काटा काढून देल्ला यानं."

"तुम्ही पाहिलं?"

"मी कायले पाहू? पाहनारा जित्ता राह्यते का?"

वैदूच्या दारात वाघ नव्हता. एक किडकिडीत म्हातारा मासे धरायचा बांबूचा सापळा दुरुस्त करत बसला होता. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथे दोरा बांधलेला. भाऊ गाडीपाशीच थांबले. मी मामाबद्दल सांगितलं, अर्धं शहरी मराठीत, अर्धं चाचरत. त्याने मान वर न करता ऐकलं. मग आत जाऊन काहीतरी कुटलं, तुंब्यात ओतलं आणि तोंडाला पानांचा बोळा लावला.

तुंबा हातात देण्याआधी तो म्हणाला, "बाई, मामा तुमाले पाह्यन. ओळखलं तं पाजा. नाई ओळखलं, तं हे त्याच्या कामाचं नाई. मंग मोठ्या दवाखान्यात न्या. माझ्याकडे येऊ नोका."

मला विचारायचं होतं, म्हणजे काय? पण तुंबा माझ्या दोन्ही हातांत आला होता आणि त्याने ओठांवर बोट ठेवलं होतं. हे भाऊंनी ऐकलं नव्हतं. आता मला ते कोणालाच सांगता येणार नव्हतं. मी स्वतःला समजावलं, मामा आपल्याला ओळखणार नाही असं होईल का? सकाळीच तर कलेक्टर बाई म्हणाला.

परतीचा रस्ता संपता संपेना. प्रत्येक खड्ड्यात बोळा सैल व्हायचा आणि मी अंगठ्याने दाबून धरायची. खिशात फोन होता, पण काढायला हात मोकळा नव्हता. भाऊ एकदा चुकून म्हणाले, "पाणी पेता का, बाई?" आणि लगेच स्वतःच्याच गालावर चापट मारली. मला हसू आलं. हसणं बोलण्यात धरतात का, ते मला कोणी सांगितलं नव्हतं. मी ओठ चावला.

नाक्यावर शिपायाने हात आडवा केला. "काय आहे त्याच्यात? मोहाची दारू?"

मी गप्प.

"बाई, तुमाले विचारून राह्यलो. कुठून आल्या?"

"औषध आहे, साहेब," भाऊ घाईघाईने म्हणाले. "काविळीचं. तिले बोलता नाई येत."

शिपाई वाकला, वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि दोन पावलं मागे सरकला. मला बोलता येत नाही हे लोक नेहमीच म्हणतात. त्या दिवशी पहिल्यांदाच ते माझ्या उपयोगी पडलं.

आम्ही पोचलो तेव्हा मामी अंगणातच उभी होती. तिने तुंब्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. बोलले नाही, अशी मी मान हलवली. तिचा चेहरा एकदम सैल झाला. "पाज बाई, पाज लवकर. तू गेल्यापासून झोपूनच राह्यले."

तिने मामाला उठवून बसवलं. त्याने डोळे उघडले, बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "सिस्टर, आज सुई नोका टोचू."

मामी मोठ्याने हसली. कितीतरी दिवसांनी हसली असेल. "पाहा! मस्करी करून राह्यले. सकाळपर्यंत कलेक्टर होती, आता नर्स झाली."

भाऊही हसले. मी मामाच्या डाव्या भुवईकडे पाहत होते. ती उडेल म्हणून थांबले. चादरीवरचा त्याचा हात पाखरू फडफडावं तसा हलत होता. भुवई हलली नाही.

"पाज ना वो," मामी म्हणाली. तिने स्वतःच मामाची हनुवटी वर धरली.

मी गप्प राहिले असते तर कोणी मला काही म्हटलं नसतं. औषध पोचलं होतं, अट पाळली होती. बोलले तर गाईला हाकलणारी मामी आणि मी एकाच रांगेत. आणि औषध वाया गेलेलं मामीला मी दुसऱ्यांदा बघायला लावणार होते.

गावात आता ही गोष्ट वेगळी सांगतात. तुंबा जमिनीला टेकला आणि औषध मातीतून मामाच्या अंगात चढलं म्हणून तो वाचला, दवाखाना नुसता निमित्ताला. आणि मी वैदूने शिकवलेला मंत्र म्हटला, तोही गोंडीत. मामा गडचिरोलीहून बरा होऊन आल्यापासून स्वतःच हे पाहुण्यांना सांगतो, डावी भुवई उडवत. अस्वल, वाघ, आणि त्यांच्या मागोमाग मी.

मंत्र वगैरे काही नव्हता. मी तुंबा खाली ठेवला. मामीचा हात मामाच्या हनुवटीवरून काढला. आणि इतक्या मोठ्याने बोलले की माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"मामी, मामा मस्करी नाई करून राह्यले. ते मले ओळखूनच नाई राह्यले. भाऊ, गाडी बोलवा, गडचिरोलीले न्यायचं आहे, आत्ताच."