खुर्चीतला शनिवार

नाताळच्या सुट्टीत आम्ही साकोलीजवळच्या जंगलात विश्रामगृहावर उतरलो होतो. शेजारच्या खोलीत रायगडकडचे एक ज्यू गृहस्थ एकटेच होते. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत त्यांनी मेणबत्त्या लावल्या, मोबाइल बंद करून बॅगेत टाकला आणि अंगणातल्या खुर्चीत असे विसावले, जणू राज्याभिषेकच झाला! माझ्या पोटात तेव्हाच दुखलं.

शनिवारी पहाटे मी जीपमधून हाक मारली, "चला जी, पुढची जागा तुमची!"

"आज शब्बाथ, आमचा विसाव्याचा वार. गाडीत बसत नाही आम्ही," ते हसून म्हणाले.

आम्ही कुडकुडत, धूळ खात हिंडलो आणि वाघ दिसला! परतल्यावर मी तो अंगणात चालून दाखवला, डरकाळीसकट. "जिंदगीभर पस्तावाल! कायले नाही आले जी?"

त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. मग लांब केलेले पाय जराही न हलवता हळूच म्हणाले, "इथं एक खार माझ्या पायावर येऊन बसली होती. बराच वेळ."

तेवढ्यात बायको ओरडली, "अजी, उभे काहून राहिले? तलाव पाहाले जायचं हाये ना?"

मी मुकाट्याने जीपमध्ये चढलो. वाघ पाहून आलेला माणूस दिवसभर एका खारीपायी जळत राहिला.