आकारामचा सेल

आकारामचं उभं आयुष्य इचलकरंजीच्या मागांवर गेलं आणि त्या खडखडाटात त्याचे कानही गेले. आता त्याच्या खिशात डबीएवढं यंत्र असतं, त्यातली वायर कानाला. यंत्रात एक पेन्सिल सेल, चार्जिंगचा. तो भरलेला असेल तोवर झुंबरबाई नवऱ्याशी हळू बोलू शकते. एरवी ओरडायचं, आणि चाळीत ओरडायचं म्हणजे दहा घरांना सांगायचं.

मागासाठी सुताच्या कांड्या भरून तिचे खांदे गेले होते, आता घसा चालला होता. म्हणून ती बोलणंच टाळायची. ‘जेवा’, ‘गोळी घ्या’, एवढ्यावर संसार चाललेला.

पण परवा गगनबावड्याला दिलेल्या मोनाचा फोन आला. लेक रडलीसुद्धा नाही. म्हणाली, "आई, मी हितं न्हाई ऱ्हात आता. येऊ काय घरला? आबास्नी इचार."

झुंबरबाईनं दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा "मोनाचा फोन आल्ता" म्हणेपर्यंत सेल बसला. चार्जरवर तर हिरवी लाईट लागलेली होती.

शेवटी सेल, चार्जर पिशवीत घालून ती बाळासोच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेली. त्यानं चार्जर उलटासुलटा करून बघितला.

"मावशी, चार्जरचं हे करंटचं बटण हजारावर कोण ठेवतंय?"

"आमचं ह्येच की. माग कधी हळू चालवायचा असतोय व्हय, म्हणत्यात."

"सेल म्हंजे माग न्हवं. ह्यो दोन हजार एमएएचचा. ह्या बारक्या चार्जरात हजारानं भरला की तापतोय. तापला की चार्जरला वाटतंय, भरला. आत निम्माबी न्हाई. पाचशेवर ठेवा, दुपार जाईल."

"दोनशेवर ठिवला तर?"

"एवढं हळू नगं. मग सेल कधी भरला, ते ह्या चार्जरला कळत न्हाई."

"म्हंजे दुपारभर ह्येनी ठार बहिरं."

"आता कुठं ऐकत्यात तुमचं?" बाळासो हसला. तिला हसायचंही त्राण नव्हतं.

घरी तिनं बटण पाचशेवर केलं. आकाराम उठला आणि त्यानं ते हजारावर सरकवलं. तिनं परत मागं आणलं आणि चार्जरपाशीच भिंतीला टेकून बसली. तो पाठ फिरवून पडला. मधूनमधून ती सेलला बोट लावून बघे. कोमट होता. ऊन दारातून कलत गेलं तरी ती हलली नाही.

दिवेलागणीला तिनं सेल यंत्रात घातला, त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि कुजबुजत सगळं सांगितलं. जावयाची दारू, मागच्या खेपेला बघितलेले मोनाच्या पाठीवरचे वळ, सगळं. सेल शेवटपर्यंत टिकला. आकाराम खाली बघत ऐकत होता.

मग तो बोलला, मागांच्या खडखडाटात बोलायचा त्याच आवाजात. "मारतोय व्हय तिला? मग इचारतीस काय मला? येऊ दे की घरला."

शेजारी चिमणाबाईच्या घरची भांडी वाजायची थांबली. त्याला गप्प करायला झुंबरबाईनं उचललेला हात तसाच मांडीवर पडला. कुणापासून लपवायचं, आणि किती दिवस?

"सकाळच्या एस्टीनंच ये म्हण," तो आणखी मोठ्यानं म्हणाला.

तिनं फोन उचलला.