आपापला गिलास

"काऊन वं पोरी, गिलास नाई आणला घरून?"

काकूंनी प्रार्थनेच्या खोलीच्या दारातच विचारलं. माझ्या हातात पिशवी होती, पिशवीत पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. गिलास नव्हता.

"गिलास कशाले, काकू?"

"आज प्रभुभोजन नाई का? प्रभूच्या नावानं रस घ्याचा आहे नं. मी सगळ्यायले सांगून ठेवलं, आपापला आणजा म्हणून." मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "मी काई शिवाशिव पाळत नाई बाप्पा. पण कोणाचं उष्टं मले नाई जमत."

कोणाचं म्हणजे कोणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही. आम्ही ते विचारतही नाही.

आत बाया सतरंजीवर बसल्या होत्या. प्रत्येकीच्या पुढ्यात स्टीलचा गिलास. कुणी पदराने पुसत होती. कुणाला राग नव्हता. उलट सांगितलेलं लक्षात ठेवून आणलं, याचं समाधान दिसत होतं. दुसऱ्याच्या घरी जाताना आपलं भांडं आपण न्यायचं, हे आमच्या बायांना वेगळं शिकवावं लागत नाही.

कोपऱ्यात माझी आई. तिच्यापुढेही गिलास.

तो गिलास मी ओळखते. अल्लीपूरला आई ज्यांच्या शेतात निंदायला जायची, त्यांच्या गोठ्याच्या वळचणीला आमचा गिलास खोचलेला असायचा. मालकीणबाई वरून चहा ओतायच्या. पिऊन झालं की आईच विसळायची, आईच परत खोचायची. एकदा मला तहान लागली. मी त्यांच्या माठावरचा गिलास उचलला आणि पाणी प्यायले. मालकीणबाईंनी मारलं नाही. ओरडल्याही नाहीत. आईला एवढंच म्हणाल्या, "हा गिलास आता तुमीच घेऊन जा."

आईने माठावरचा तो गिलास घरी आणला. जाड पत्र्याचा आहे. आई अजून त्याला "चांगला गिलास" म्हणते.

पुढे आम्ही नालवाडीला आलो. आई खानावळीत पोळ्या लाटते. मी बी.ए.ला आहे, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. आई आजारी पडली तेव्हा आमच्या गल्लीतले भाऊ आणि वहिनी प्रार्थनेला यायचे. भाऊ आठवडाभर घरं रंगवतात, रविवारी शास्त्र सांगतात. आई बरी झाली आणि आम्ही त्यांच्यासोबत बसू लागलो. येशूला मानणाऱ्यांची आमची ही लहानशी मंडळी सुरू झाली ती अशी. काकूंच्या किराणा दुकानामागे गोदामाची खोली होती. काका-काकू नवीनच येशूच्या विश्वासात आले होते. त्यांनी ती खोली फुकट दिली. दुकानवाले आमच्यात बसतात म्हटल्यावर गल्लीतलं हसणंही कमी झालं.

तरी माणसं टिकत नव्हती. काही रविवारी भाऊ, वहिनी, आई आणि मी, एवढेच असायचो. भाऊंच्या नखांत चुना असायचा आणि सूर कधी लागायचा नाही. मी डोळे मिटून वाट पाहायचे. काही ऐकू यायचं नाही. कॉलेजात मैत्रिणीने विचारलं, "येशूचं नाव घेतलं का तांदूळ भेटते का वं तिकडं?" आपण इथे का येतो, हेच मला नीट सांगता येत नव्हतं.

एका गोष्टीत मात्र शंका नव्हती. पहिल्या रविवारी भाऊंनी सांगितलं होतं, "येशू शिष्यायसंगं शेवटचं जेवला, त्या रात्री पेला एकच होता. मासे धरणाऱ्याचं तोंड त्याले लागलं, वसुली करणाऱ्याचंही लागलं. आपल्या इथंही तसंच होईन." बाकी सगळं मी तपासत होते. हे मी ऐकताक्षणी मानलं.

आणि आज हे गिलास.

वहिनींनी द्राक्षरसाऐवजी मनुका उकळून पाणी गाळून आणलं होतं. भाऊ पेला हातात घेऊन उभे होते. गिलास पाहून ते मला मागच्या दाराशी घेऊन गेले.

"आजच्या दिवस राहू दे. खोली त्यायची आहे. खोली गेली तं बसाचं कुठं?"

"पण भाऊ, तुमीच सांगतलं होतं."

"सांगतलं होतं." ते भिंतीला टेकले. "थकलो वं मी."

मला त्यांचा राग आला नाही. थकले तर मीही होते.

वाचन माझ्याकडे असतं. त्या रात्रीच्या जेवणाचा भाग मी वाचायला घेतला. पेल्याचं वाक्य आलं आणि मी थांबले. पुस्तक मिटलं.

"मी गिलासात घेणार नाई," मी म्हटलं. "पेल्यातून घेईन."

आईने माझी ओढणी ओढली. "बस नं वं माय. आपल्याले का सवय नाई?"

"सवय आहे म्हणूनच."

"कॉलेजात जाऊन लय शिकली वं!" काकू म्हणाल्या. कुणीतरी हसलं. "खोली कोणाची आहे, माहीत आहे नं?"

"माहीत आहे, काकू."

भाऊंनी हातातल्या पेल्याकडे पाहिलं. मग त्यांनी घोट घेतला आणि पेला माझ्या हातात दिला. मी प्यायले. कोमट होतं. फार गोड होतं. मी पेला आईपुढे धरला.

आईने घेतला नाही. तिचा हात तिच्या गिलासावर होता.

वहिनींनी घेतला. काकू आपला गिलास उचलून बाहेर गेल्या. त्यांच्यामागे एकेक करत बाया उठल्या. दुसऱ्या दिवशी खोलीला नवं कुलूप होतं. आमची सतरंजी आणि ढोलक पायरीवर ठेवलेलं.

आता आम्ही आमच्या अंगणात बसतो. थोडेच. समोरची पोरं भाऊंच्या सुराची नक्कल करतात. परीक्षा जवळ आली आहे, अभ्यास होत नाही. काकूंशी संबंध तोडून मी काय मिळवलं, असं आई विचारते. आई प्रार्थनेला बसते, स्वतःच्याच घरात स्वतःचा गिलास शेजारी ठेवून. पेला तिच्यापर्यंत येतो. ती न पिता पुढे देते. पण हातात घेऊन देते.

मागच्या आठवड्यात काकूंनी निरोप धाडला. खोली उघडून देतो, फक्त गिलास आणा. काय सांगू, असं भाऊंनी मला विचारलं.

मी म्हटलं, "सांगा, पेला एकच आहे. त्यायच्यासाठीही."

त्या येतील असं मला वाटत नाही. ही मंडळी उभी राहील की अंगणातच संपेल, तेही माहीत नाही. देव माझं ऐकतो की नाही, हे अजूनही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पण गोठ्याच्या वळचणीचा गिलास देवाच्या नावाने पुन्हा भरला जाणार नाही. या अंगणात मी तो भरू देणार नाही. शेवटी मी एकटी उरले तरी.