एम्लिनला सांगितलेले सामने

अबरगारो या वेल्समधल्या लहानशा बंदरात इद्रिस प्रॉबर्टला येत नाही असा खेळ नव्हता. शाळेत गणित शिकवायचं आणि शाळा सुटली की मैदान गाठायचं. हिवाळ्यात रग्बी आणि हॉकी, उन्हाळ्यात क्रिकेट. भरतीच्या पाण्यातून खाडी पोहून जाणं तर त्याला अंगणात फिरल्यासारखं.

१९११ च्या फेब्रुवारीत वरच्या खाणवाल्या गावाशी रग्बीचा सामना होता. त्यांच्याकडून एम्लिन ट्यूडर खेळत होता, इद्रिसचा लहानपणापासूनचा मित्र. चेंडू घेऊन एम्लिन सुटला. इद्रिसने धावत जाऊन त्याच्या कमरेला मिठी घातली आणि दोघंही चिखलात पडले. इद्रिस उठला. एम्लिन उठला नाही.

मान मोडली होती. जीव वाचला, पण मानेखालचं शरीर गेलं.

"नियमाबाहेर काही घडलं नाही," पंच म्हणाले. एम्लिनच्या आईनेही इद्रिसला शब्दाने दुखवलं नाही. त्याने मात्र बूट, बॅट, सगळं वाटून टाकलं.

दर शनिवारी संध्याकाळी तो चार मैल चढून एम्लिनकडे जाई. पहिल्याच भेटीत एम्लिनने विचारलं, "आज कसा झाला सामना?" खेळलोच नाही, हे इद्रिसच्या तोंडून निघेना. त्याने एक सामना रचून सांगितला. मग दर शनिवारी एक. सात वर्षं. महायुद्धात गावाचे सामनेच बंद पडले, तेव्हा तो खलाशांच्या संघाशी खेळल्याचं सांगू लागला.

एकदा असाच एक षटकार रंगात आला असताना एम्लिन म्हणाला, "पुरे रे. आई मला रोज पेपर वाचून दाखवते. तुझं नाव कधीच नसतं त्यात."

इद्रिसने खाली पाहतच विचारलं,

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू यायचा बंद झाला असतास." एम्लिन छताकडेच पाहत होता. "माझं गेलं ते गेलं, गाढवा. तुझंही घालवलंस, ते मी कुठे ठेवू? जा, एकदा तरी खेळून ये. आणि खरं सांग."

युद्ध संपल्यावरच्या पहिल्या उन्हाळ्यात इद्रिस क्रिकेट खेळायला उतरला. वय छत्तीस, पोट सुटलेलं. चार धावांवर त्रिफळा उडाला, एक सोपा झेलही सुटला. त्या संध्याकाळी त्याने सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"चार? आणि झेल सोडलास?" एम्लिन खोकला लागेपर्यंत हसला. "आईने पकडला असता तो!"

त्या उन्हाळ्यात इद्रिस आणखी पाच सामने खेळला, बहुतेक वाईटच. नोव्हेंबरात एम्लिनला न्यूमोनिया झाला आणि चौथ्या दिवशी तो गेला.

सामना सांगायला कुणी उरलं नाही, तसा इद्रिस पुन्हा मैदानावर उतरला नाही; पुढे पंचवीस वर्षं नुसतं गणित शिकवत राहिला. हे सर कधी काळी खेळायचे, हे त्याच्या शेवटच्या वर्गांतल्या कुणालाच माहीत नव्हतं. शनिवारी दुपारी मैदानावरून आरडाओरडा ऐकू आला की तो उठून खिडकी लावून घेई.