जावेच्या घरातला आवाज

धाकट्या दिरानं आमच्या शेजारीच स्लॅबचं घर बांधलं आणि तेव्हापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. आता सांगायला लाज कशाची? मधे हातभर बोळ, अलीकडं आमचं पत्र्याचं घर, पलीकडं त्यांचं. मी शेणानं जमीन सारवायची आणि तिकडं फरशीवर पाय घसरायचा. वास्तुशांतीला गावातल्या बायका जावेचा स्वयंपाकाचा ओटा हातानं चोळून बघत होत्या, मी पंगतीत वरण वाढत होते. ‘लई झ्याक झालं गं घर,’ असं तोंडानं म्हणाले. आत नुसता जळफळाट.

दिवाळी झाली की दोघं भाऊ ट्रॅक्टर घेऊन उसाच्या कारखान्याला जातात, ते उन्हाळ्यातच उगवतात. माझं पोरगं बीडला वसतिगृहात. जाऊ दरवर्षी या दिवसांत माहेरी दिंद्रुडला जायची; या साली नवं घर बंद ठेवू नये म्हणून राहिली. म्हणजे इकडं मी एकटी, तिकडं ती एकटी.

होळीच्या आधीची गोष्ट. एका सकाळी ती दारात आली, डोळे लाल.

‘अक्का, तुमच्या घरात रात्री आवाज येतेत का वो?’

‘कसले?’

‘वरून ताड करून वाजतंय. कुणी जिन्यावर पाय टाकल्यावानी. चार रात्री झाल्या, डोळ्याला डोळा न्हाई माझ्या.’

मला लगेच कळलं. त्यांच्या जिन्याच्या डोक्यावर पत्रा आहे. आमचे पत्रे बसवणाऱ्या वेल्डरनं मला मागंच सांगितलं होतं, की पत्रा दिवसा उन्हानं पसरतो, रात्री गार पडला की आखडतो, बोल्टापाशी अडकतो आणि ताडकन सुटतो. त्या दिवसांत दुपार भाजून काढायची आणि रात्री गारठा असायचा. आमच्या डोक्यावर तर अंधार पडला की लाह्या फुटायच्या. एवढं एक वाक्य तिला सांगायचं होतं, बस्स.

‘न्हाई बाई,’ मी म्हणाले. ‘आमच्याकडं कायबी आवाज न्हाई.’

तिचं तोंड एवढंसं झालं. आणि देवा, काय बरं वाटलं मला! एवढी फरशी, एवढा ओटा, आणि झोप नाही. घे आता! मी आत जाऊन पुन्हा चहा ठेवला.

संध्याकाळी बघते तर ती वाकळ आणि उशी घेऊन हजर.

‘आज तुमच्याकडंच झोपते. तुमच्याकडं आवाज न्हाई ना. इथंबी झोप न्हाई लागली तर सकाळच्या एसटीनं माहेरी जाते, घराला कुलूप लावून.’

आली का पंचाईत! आता पत्रा वाजणार, माझं खोटं उघडं पडणार, ही जाणार, आणि मोठीनं धाकटीला घराबाहेर काढलं असं सगळ्या भावकीत होणार.

‘आमच्याकडं डास लई हायेत गं.’

‘असू द्या की.’

दिवा मालवला आणि पहिला ताड झाला. मग दुसरा. मग सगळं छपरच सुरू झालं. प्रत्येक आवाजाला मी खोकत होते. उठून उगाच भांडी हलवली. ती हललीसुद्धा नाही. थोड्या वेळानं चक्क घोरायला लागली. मी मात्र टक्क जागी.

सकाळी तिच्यापुढं चहा ठेवला. ‘लागली का झोप?’

‘लागली की. पन अक्का, तुमचा पत्रा आमच्यापेक्षा लई वाजतो.’

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंडातून निघूनच गेलं, ‘तुझं घर बघवत न्हाई मला. म्हणून खोटं बोलले.’

तिनं बशीत फुंकर मारली. ‘ते मला ठावं हाय. आन् पत्रा वाजतो हेबी ठावं हाय. तुमचा पत्रा रोज ऐकू येतो माझ्या खिडकीतून. पन मला एकटीला भ्या वाटतं. वाटलं, तुमी आपणहून म्हणाल, ये झोपायला. न्हाई म्हणलात, मग मीच आले. वाकळ राहू द्या हितंच, रात्री येतेच.’

बशी विसळून ती गेली. मी तिची वाकळ घडी घालून कोपऱ्यात ठेवली. पोरगं तान्हं होतं, नवरा कारखान्यावर असायचा, तेव्हा पत्रा वाजला की त्याला छातीशी धरून मी उजाडेपर्यंत बसायचे. हाकेच्या अंतरावर सासू होती, चुलत जावा होत्या. पंधरा वर्षांत एकीलाही म्हणाले नाही, की मला भीती वाटते, सोबतीला या. हिनं पाचव्या दिवशी मागितलं आणि हिला मिळालं. त्या घराचं मला आता काही वाटत नाही. हिला मागता येतं, याचा मात्र असा हेवा वाटतो की रडू येतं. मी मागितलं असतं, तर एखादी तरी आली असती.