चिखलात चालणारा पाय

‘मी असं कवा बोलले?’

यमुनाबाई भोये यांनी हा प्रश्न मला रविवारी सकाळी नऊच्या सुमारास विचारला. ठिकाण शहरातल्या द्वारका चौकाजवळचे एक मंगल कार्यालय. त्यांच्या हातात आमच्याच दैनिकाचा अंक होता. त्यांना वाचता येत नव्हते. बातमी त्यांच्या थोरल्या जावेने वाचून दाखवली होती. पान तीनवर यमुनाबाईंचा फोटो होता आणि वर मोठ्या टाइपात त्यांचे वाक्य: ‘यंदाची आवणी माझ्या पायावर उभी राहून करणार!’

आवणी म्हणजे भाताची लावणी. यमुनाबाईंच्या पेठ तालुक्यातला शब्द.

यमुनाबाई हे वाक्य बोलल्या नव्हत्या. आदल्या दिवशी मी त्यांना विचारले होते, ‘यंदा आवणी करणार ना?’ त्या म्हणाल्या होत्या, ‘बघू.’ संध्याकाळी डेस्कवर बसून मी त्या ‘बघू’चे वाक्य केले. वृत्तसंपादकांनी वाक्याचे हेडिंग केले. आमच्या धंद्यात बातमीच्या मजकुराला कॉपी म्हणत आणि याला ‘कॉपीत जीव आणणे’.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. माझ्याकडे क्लबांची बीट होती. बीट म्हणजे बातमीदाराला नेमून दिलेले क्षेत्र. शहरात सेवाभावी क्लब बरेच होते आणि त्यांचे वर्ष जुलैत सुरू होई. नवा अध्यक्ष आला की नवा प्रोजेक्ट. त्यामुळे जुलैत रक्तदान, वह्यावाटप, वृक्षारोपण यांच्या प्रेसनोटा टेबलावर मावत नसत. त्या वर्षी एका क्लबाने कृत्रिम पायांचे शिबिर घेतले. अध्यक्ष होते शिरोडे. व्यवसायाने बिल्डर, स्वभावाने उत्साही. पाय बनवणारे तंत्रज्ञ होते तांबोळी.

तांबोळी कापलेल्या पायाचे प्लास्टरमध्ये माप घेत. त्या मापाचा साचा करत. पाण्याच्या पाइपसारखा जाड प्लॅस्टिकचा पाइप भट्टीत मऊ करून साच्यावर चढवत. त्याची वाटी तयार होई. तिला ते सॉकेट म्हणत. खाली रबरी पाऊल जोडत आणि गुडघ्याच्या वर एक पट्टा बांधून सगळे अडकवत. शनिवारी यमुनाबाई या पायावर हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालल्या. तोच फोटो छापून आला.

रविवारी अकराला प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते पाय देण्याचा कार्यक्रम होता.

‘मला स्टेजवर नाय यायचं,’ यमुनाबाई म्हणाल्या.

शिरोडे धावत आले. ‘ताई, अहो असं कसं? पहिलं नाव तुमचं आहे.’

‘मंग काढा नाव.’

‘काढा कसं? पेपरात आलंय!’

‘त्येच तर सांगते ना शेठ, पेपरात आलंय!’ जाऊबाई मध्ये पडल्या. ‘दुपारच्या एसटीनं पेपर आमच्याकडं जातो. समदं गाव वाचंल. आन् परवा ही बांधावर बसली, तर लोक काय म्हणतील? यमीनं फुशारकी मारली.’

बांधावर बसण्याचा अर्थ शिरोडे, तांबोळी आणि मी, तिघांनाही कळला नाही. यमुनाबाईंनी तो सांगितला. त्यांच्या गावात आवणी सावडीने होते. सावड म्हणजे कामाची अदलाबदल. आज सगळ्या बायका एकीच्या शेतात, उद्या दुसरीच्या. मजुरी नाही. तुम्ही जितक्या जणींच्या चिखलात उभ्या राहाल, तितक्या जणी तुमच्या चिखलात उभ्या राहतात. तीन वर्षांपूर्वी यमुनाबाईंना साप चावला. पाय सडला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हापासून त्या बांधावर बसून रोपांच्या मुठी बांधत. मूठ म्हणजे हातात मावेल एवढी जुडी. हे काम सावडीत धरत नाहीत. गाव दयाळू होते. त्यांचे शेतही लावून देत होते, पण सगळ्यांचे झाल्यावर. तोवर रोप जून होई आणि भात निम्म्याने पिके.

‘हा पाय हितं फरशीवर चालतो,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्याकडं फरशी नाय. चिखलात चालतो का, त्ये आधी दावा.’

शिरोडे घड्याळ बघू लागले. तांबोळी मात्र म्हणाले, ‘शेठ, बाईंचं बरोबर आहे. माप घेताना मी त्यांना गाव विचारलं, वय विचारलं. काम काय करता ते नाही विचारलं.’

शिरोड्यांची एक साइट शंभर पावलांवर होती. इमारतीच्या पायासाठी खोदलेल्या खड्ड्यात पावसाचे पाणी साचून गुडघाभर चिखल झाला होता. ‘गिऱ्हाइकाला चिखल दिसू नये म्हणून जन्मभर फळ्या टाकत आलो,’ शिरोडे वाटेत म्हणाले. ‘आज पाहुण्यांना सोडून चिखल दाखवायला निघालोय.’

यमुनाबाई जावेचा हात धरून चिखलात उतरल्या. दुसऱ्याच पावलाला त्या वर आल्या, पाय खालीच राहिला. जाऊबाईंनी त्यांना कमरेत धरले म्हणून त्या पडल्या नाहीत. तांबोळींनी दोन्ही हात कोपरापर्यंत घालून पाय उकरून काढला.

चिखल पाऊल ओढून घेतो आणि पट्टा त्यापुढे टिकत नाही, असे तांबोळींचे निदान होते. ते उठून चालू लागले. द्वारकेच्या चौकात पंक्चरवाल्यांची रांग आहे. तिथून त्यांनी जीपची जुनी ट्यूब आणली. वीतभर रुंदीचा तुकडा कापला. त्याला आतून पंक्चरवाल्याचीच पांढरी पावडर लावली. मग तो तुकडा मोज्यासारखा चढवला. निम्मा सॉकेटवर, निम्मा मांडीवर. रबर कातडीला घट्ट बसले.

‘चावतंय का?’

‘चावू द्या. सुटत नाय ना?’

पाय सुटला नाही. पण पाऊलही निघाले नाही. यमुनाबाई चिखलात रुतून उभ्या राहिल्या. त्यांना आम्ही चौघांनी ओढून बाहेर काढले.

अकरा वाजले होते. कार्यक्रम झाला. पहिले नाव वगळून पुकारा झाला. यमुनाबाई शेवटच्या रांगेत, ट्यूब चढवलेला पाय पुढे करून बसून राहिल्या. आभारप्रदर्शनाआधीच शिरोडे स्टेजवरून उतरून त्यांच्यापाशी आले. ‘ताई, तुमचं शेत बघायला येऊ का?’ त्यांनी विचारले. ही गोष्ट प्रेसनोटमध्ये नव्हती.

दुपारी शिरोड्यांच्या जीपमधून आम्ही पेठच्या रस्त्याला लागलो. तांबोळींनी मांडीवर उरलेली ट्यूब आणि कात्री धरली होती.

गावात एका भाताच्या खाचरात आवणी चालू होती. बायका ओणव्या होत्या. रविवार असला तरी रोप थांबत नाही. यमुनाबाईंचे खाचर त्याच्या खालच्या अंगाला. चिखलणी झालेली होती, म्हणजे नांगरून पाण्यात माती कालवून ठेवलेली. त्या बांधावरून उतरल्या. एक पाऊल पुढे टाकले आणि सकाळसारख्याच रुतल्या.

तांबोळींनी खाली बघितले. शिरोडे म्हणाले, ‘राहू द्या ताई. आपण दुसरं काही बघू.’

‘थांबा जरा,’ यमुनाबाई म्हणाल्या. ‘आवणी करताना फुढं कोण जातं?’

त्यांनी जावेच्या खांद्याला धरून पाठ फिरवली. वाकल्या. कृत्रिम पायाचा गुडघा वाकवून वजन मागे घेतले. टाच आधी उचलली गेली. टाचेखाली हवा शिरल्याचा बुडबुडा आला आणि रबरी पाऊल आवाज करत मोकळे झाले. ते वीतभर मागे पडले. मग दुसरे. मग पुन्हा पहिले.

लावणी करणारी बाई मागे मागे सरकते. लावलेले रोप तुडवले जाऊ नये म्हणून. हे शाळेतल्या मुलालाही माहीत असावे. पण सकाळभर आम्ही त्यांना चिखलातही स्टेजवर चालवावे तसे समोर चालवत होतो.

त्यांनी हात मागे केला. जावेने बांधावर पडलेली मूठ उचलून दिली. यमुनाबाईंनी चार काड्या अंगठ्याने चिखलात दाबल्या, सरकल्या, दाबल्या, सरकल्या. त्यांनी खाचराची पूर्ण रुंदी ओलांडली. त्यांच्यासमोर हिरवी ओळ उभी राहिली. मी अनेक उद्घाटने, भूमिपूजने, लोकार्पणे बघितली होती. इथे वही खिशातच राहिली. तांबोळी बांधावर उकिडवे बसले होते. ‘हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये नाही शिकवलं,’ एवढेच ते म्हणाले.

शिरोड्यांना राहवले नाही. त्यांनी बूट काढले, पॅन्ट वर केली आणि दोन धडधाकट पायांनी खाचरात उतरले. तिसऱ्या पावलाला ते मांडीपर्यंत रुतले.

‘शेठ, मागं सरा, मागं!’ यमुनाबाई वर न बघता म्हणाल्या. वरच्या खाचरातल्या बायका हसू लागल्या. क्लबाचे अध्यक्षही हसू लागले, पण निघता येईना.

मी वही उघडली. ‘यमुनाबाई, आता काय लिहू?’

‘लिवा काय लिवायचं त्ये. आधी त्या मुठी फेका हिकडं.’

मी मुठी फेकल्या. तेवढ्यात वरच्या खाचरातली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून बांधावर आली. तिने यमुनाबाईंच्या ओळी नीट बघितल्या. पायाकडे तिचे लक्ष नव्हते.

‘यमे, ओळ वाकडी गेली गं तुझी,’ ती म्हणाली. ‘उद्या माझ्याकडं ये. लवकर ये. मंगळवारी आम्ही समद्या तुझ्याकडं.’

यमुनाबाईंनी मान हलवली आणि पुढची मूठ सोडली.

सोमवारच्या अंकात मी दुरुस्ती दिली: रविवारी छापलेले वाक्य श्रीमती भोये यांचे नव्हते. ‘क्लबाच्या बातमीला दुरुस्ती कोण देतं?’ असे वृत्तसंपादक म्हणाले, पण छापली. तांबोळींनी आपल्या मापाच्या फॉर्मवर एक प्रश्न वाढवला: काम काय, आणि ते करताना कसे उभे राहता? मीही एक सवय लावून घेतली. कोणी ‘बघू’ म्हणाले, तर ‘बघू’ एवढेच लिहायचे आणि बघायला जायचे.